निळ्यातलं घर

नात्यातल्या लग्नात कोणी विचारलं की मी काय करते, तर मी सांगते, हवेचं गणित करते. समोरचा माणूस म्हणतो, म्हणजे हवामान खात्यात? मी हो म्हणून टाकते. मग तो यंदा पाऊस कसा आहे ते विचारतो, मी चांगला आहे म्हणते, आणि दोघांची सुटका होते. खरं सांगत बसले तर पंगत उठेल आणि तरी त्याच्या डोक्यात काही शिरणार नाही. सुरुवातीला मी खरं सांगायचे. आता नाही सांगत.

खरं एवढंच आहे की वारा, धूर, उष्णता कशी वाहते याचे नियम कागदावर कधीचे लिहून ठेवलेले आहेत, पण ते हाताने सोडवता येत नाहीत. गोल नळी, सपाट भिंत, अशा शहाण्या जागी येतात. घाटकोपरच्या एका गल्लीसाठी येत नाहीत. म्हणून आम्ही त्या गल्लीतल्या हवेचे कॉम्प्युटरवर लहान लहान चौकोनी डबे पाडतो आणि प्रत्येक डब्याला एकच प्रश्न विचारतो, शेजाऱ्याकडून तुला किती आलं आणि तू पुढे किती दिलंस. डब्याला लांबचं काही कळत नाही, शेजारचं तेवढं कळतं. पहिल्या फेरीत सगळेच चुकीचं सांगतात. मग पुन्हा विचारायचं, पुन्हा विचारायचं. चाळीत एखादी बातमी पसरते तसंच ते. आधी प्रत्येक खोलीत वेगळी असते, संध्याकाळपर्यंत सगळीकडे एकच होते आणि मग ती बदलत नाही. आकडे बदलायचे थांबले की आम्ही म्हणतो, उत्तर आलं.

एम.एस्सी.ला असताना या विद्येने मी आकाश सोडवणार होते. पहिला प्रोग्राम लिहिला तो पृथ्वीभोवती चंद्र फिरवायचा. दोन फेऱ्या झाल्या आणि माझा चंद्र रुसून माहेरी निघाल्यासारखा पडद्याबाहेर गेला. मी वेळेची पावलं फार मोठी टाकली होती. सर म्हणाले, निसर्गाला दोष देऊ नकोस, पाऊल लहान टाक. त्या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षं काढली. आज मी अंधेरीतल्या एका काचेच्या इमारतीत बसून मॉलच्या तळघरात गाडी पेटली तर धूर कुठून निघेल ते काढते. तेसुद्धा माणसं वाचावीत म्हणून नाही, पंखे कमी लावून भागतं का ते बिल्डरला हवं असतं म्हणून.

आमचं मूळ कोकणातलं. आजोबा गिरणीत होते, बाबा माहुलच्या बाजूला एका कारखान्याच्या पावडरच्या गोदामात. गिरणीने आजोबांचे कान घेतले आणि गोदामाने बाबांची फुप्फुसं घेतली. मी एसीत बसते म्हणून घरात मला नशीबवान समजतात. बाबांना चार पायऱ्या चढल्या की कठड्याला धरून उभं राहावं लागतं. घरात वाफेचं मशीन आहे, पंप आहे, गोळ्या आहेत. डॉक्टर दर वेळी तेच सांगतात, औषधं घ्याच, पण मुख्य म्हणजे हवेशीर जागेत राहा. जसं काही मुंबईत हवेशीर जागा औषधाच्या दुकानात मिळते.

तरी आम्हाला मिळणार होती. घाटकोपर पूर्वेची आमची जुनी तीन मजली इमारत पाडून तिथे नवीन उभी राहत होती. नेहमीचाच मामला. रस्त्याच्या बाजूला बिल्डरचा विक्रीचा टॉवर आणि त्याच्या पाठीमागे जुन्या मेंबरांची बिल्डिंग. दोन्हींच्या मध्ये एक बोळ. मेंबरांच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला, नाला. तोपर्यंत आम्ही मानखुर्दला भाड्याच्या खोलीत. तिथे कचरा जळायला लागला की बाबा ओला टॉवेल तोंडावर घेऊन बसायचे आणि टॉवेलमधून म्हणायचे, "चालतंय. नवीन घरात गेलं की झालं." आई त्यांच्याकडे न बघता भाजी चिरत राहायची.

घरं कोणाला कुठली द्यायची ते ठरवायला सभा झाली एका लग्नाच्या हॉलमध्ये. आमच्या सोसायटीत एक चांगली प्रथा होती, कुठलीही गोष्ट वाटायची असली की म्हातारे आणि आजारी आधी. गणपतीच्या प्रसादापासून पाण्याच्या टँकरपर्यंत. तीच घरांना लावली. ज्येष्ठ आणि आजारी मेंबरांनी स्वतः घर निवडायचं, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या. बाबा ज्येष्ठही होते आणि आजारीही, त्यामुळे त्यांचा नंबर पहिल्या काही जणांत. मला अंधेरीहून निघता आलं नाही. त्या दिवशी एका पार्किंगचा रिपोर्ट द्यायचा होता. आई-बाबा दोघेच गेले, आणि संध्याकाळी परत आले ते जिंकून आल्यासारखे.

"बाय, तुझंच काम होतं तिथे," बाबा मला म्हणाले. "मोठ्या पडद्यावर. वारा कसा येणार ते रंगात दाखवलं. मी शेजारच्याला सांगितलं, माझी मुलगी हेच करते."

त्यांनी फोन पुढे केला. सोसायटीच्या ग्रुपवर ते चित्र आलं होतं. वरून दिसणारी आमची बिल्डिंग, शेजारी टॉवर, आणि भोवती वाऱ्याचे रंग. नाल्याच्या बाजूला नारिंगी, कोपऱ्यांवर लालभडक. बोळात गर्द निळा.

"आपलं घर निळ्यात," बाबा म्हणाले. "टॉवरकडच्या बाजूला. मी बिल्डरच्या त्या इंजिनीअरला विचारलं, निळं म्हणजे गार ना? तो म्हणाला, हो काका. मग काय, बोट ठेवलं. माझ्यामागच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी निळंच घेतलं."

आमच्या धंद्यात लाल म्हणजे जोराचा वारा. पिवळा म्हणजे मध्यम. निळा म्हणजे हवा हलत नाही. कधीकाळी कोणीतरी प्रोग्राम लिहिताना ते रंग ठरवले आणि आम्ही सगळे डोळे मिटून तेच वापरत आलो. बाहेरच्या जगात गिझरच्या नळावर लाल म्हणजे गरम आणि निळा म्हणजे गार असतं, हे आम्हाला कधी आठवलंच नाही. चित्राच्या कडेला एक पट्टी असते, कुठला रंग म्हणजे किती वेग ते सांगणारी. ग्रुपवर टाकताना चित्र फोनच्या पडद्यात बसावं म्हणून ती पट्टी कोणीतरी कापली होती.

मी फोन त्यांना परत दिला. बाबा त्या दिवशी दुसऱ्यांदा भात वाढून घेत होते. बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी मी त्या इंजिनीअरचा नंबर काढून फोन केला.

"मॅडम, स्केल होता ना बाजूला," तो म्हणाला.

"हॉलमध्ये स्केल कोण वाचणार? आणि माझ्या वडिलांनी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं, निळं म्हणजे गार का."

"काका टेम्परेचरचं विचारतायत असं वाटलं मला."

"आणि म्हणून हो?"

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही फील्डमधल्याच आहात. लोक खूश होते. पटापट घरं निवडत होते. मी मध्येच उठून सांगू की ज्या घरांवर भांडताय तिथे हवाच नाही? माझी नोकरी कुठे जाईल?"

मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त राग याचा आला की त्याच्या जागी बसलेली माणसं मी रोज बघते. चांगली मुलं असतात. खोटं एक अक्षर बोलत नाहीत. फक्त विचारल्याशिवाय खरंही बोलत नाहीत.

तरी मनात एक आशा होती. रंगांचं चित्र म्हणजे काही वेदवाक्य नाही. त्याने वारा एकाच दिशेचा धरला असेल, डबे मोठे पाडले असतील, घाईत आकडे स्थिर व्हायच्या आधीच थांबवलं असेल. सोसायटीकडे नकाशे होते, ते घेतले. शनिवारी ऑफिस रिकामं असतं. सकाळी जाऊन मी आमची बिल्डिंग, टॉवर, नाला, पलीकडच्या दोन इमारती, सगळं कॉम्प्युटरवर उभं केलं आणि समुद्राकडचा वारा सोडला.

पहिल्यांदा मोठे डबे घेतले, लवकर उत्तर यावं म्हणून. दुपारी उत्तर आलं आणि मी खुर्चीतून उठलेच. बोळात वारा होता. फार नाही, पण खिडकीत पडदा हलेल एवढा. मी खाली जाऊन चहा घेतला, आणि वर येताना माझ्याच लक्षात आलं की मी स्वतःला फसवतेय. डबे मोठे असले की वारा पुसट होतो. जिथे आहे तिथून थोडा सांडतो आणि जिथे नाही तिथे थोडा पसरतो. भिंतीवर ओला रंग बोटाने पसरवला तर कोपऱ्यातही थोडा लागतो, तसा. तो वारा बोळात नव्हता, माझ्या आळसात होता. हे मी नव्या मुलांना शिकवते.

डबे लहान केले. पुढच्या शनिवारी उत्तर आलं. वारा कमी झाला. आणखी लहान केले. त्याच्या पुढच्या शनिवारी आमच्या खिडकीबाहेर हवा जागच्या जागी गिरकी घेत होती, तीच हवा, आत नाही बाहेर नाही. हिवाळ्यातला उलट दिशेचा वारा लावून बघितला, तर तो टॉवरच अडवत होता. इतक्या वर्षांत उत्तर चुकावं म्हणून मी पहिल्यांदा काम करत होते, आणि जितकी चूक शोधत होते तितकं उत्तर पक्कं होत होतं. एरवी असं झालं की आम्ही खूश होतो.

पॅसेजच्या पलीकडे, बरोबर आमच्या दारासमोर, नाल्याच्या बाजूचं कोपऱ्याचं घर होतं. माझ्या कॉम्प्युटरवर त्याची खिडकी लालभडक होती. ते घर चिठ्ठीत आमच्या शेजारच्या काकूंना लागलं होतं; जुनं घर मुलाच्या नावावर असल्याने त्यांना निवड मिळाली नव्हती.

या काकूंबद्दल आधी सांगायला हवं. आमच्याच तालुक्यातल्या, जुन्या इमारतीत भिंतीला भिंत लागून. लहानपणी आई आजारी पडून हॉस्पिटलात होती तेव्हा मी त्यांच्याकडे जेवले, त्यांच्याकडे झोपले. त्यांचे यजमान गेले तेव्हा बाबांनीच सगळं केलं. बाबा त्यांना वहिनी म्हणतात, त्या बाबांना भावजी. बाजारात कोलंबी चांगली दिसली की दोन वाटे घेणाऱ्या, एक आमच्यासाठी, अशा बायांपैकी त्या. मी हे त्यांच्यावर उपकार म्हणून लिहीत नाही. त्या वाईट असत्या तर मला लिहायला सोपं गेलं असतं.

चिठ्ठ्या निघाल्यापासून काकू रडत होत्या. सून गरोदर होती आणि घर निघालं लालात, नाल्यावर. मुलाबरोबर त्या तेव्हा मुलुंडला राहत होत्या. तिथून मानखुर्दला आमच्याकडे आल्या, एकदा नाही, तीनदा.

"भावजी, माझ्या नशिबात नेहमी उन्हाची बाजू," पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "नातवंडं भाजून निघतील त्या लालात. बदलता का हो? सेक्रेटरी म्हणाले, कागद होईपर्यंत आपसात बदलता येईल."

"दिलं असतं गो वहिनी," बाबा म्हणाले. "पण माझी छाती बघताय ना. डॉक्टर म्हणतो, हवेत राहा."

मी तिथेच बसले होते. माझ्या तोंडात जे होतं ते मी चहाबरोबर गिळलं. कारण ते बोललं की काकू पुन्हा विचारणार नव्हत्या.

त्या गेल्यावर मी आई-बाबांना सांगितलं. रंगांचं सांगितलं, बोळाचं सांगितलं, शनिवारचं सांगितलं. बाबांनी तो फोनमधला फोटो पुन्हा काढला आणि बराच वेळ बघत बसले. त्यांना पटायला वेळ लागला नाही. आपली मुलगी म्हणते म्हणून त्यांनी मानलं, आणि मला तेच सहन होईना. जरा भांडले असते तर बरं झालं असतं.

आईने गॅस बंद केला.

"मग अडतंय कुठे?" ती म्हणाली. "तिला आपलं पाहिजे, आपल्याला तिचं पाहिजे. उद्या सह्या करून टाका. तिने तीनदा स्वतःहून मागितलंय, आपण नाही गेलो तिच्या दारात."

"तिला माहीत नाय म्हणून मागते ती," बाबा म्हणाले.

"तुम्हालाही माहीत नव्हतं, कोणी सांगायला आलं?"

मी आईच्या बाजूने होते. हे मी सरळ लिहिते, कारण त्याची लाज वाटून घ्यायची माझी तयारी नाही. मी म्हटलं, "बाबा, त्यांच्या घरात सगळे धडधाकट आहेत. निळ्यात त्यांना उकडेल, एसी लावतील. तुमचा प्रश्न उकडण्याचा नाही. तुमचा श्वासाचा आहे."

बाबा म्हणाले, "मग तेच तिला सांगूया. सगळं खरं सांगायचं आणि मग मागायचं. ती नाय म्हणायची नाय."

हे त्यांनी पूर्ण खात्रीने सांगितलं. आईला ती खात्री नव्हती. आई बाजारात जाते.

बाबा आणि मी मुलुंडला गेलो. काकूंनी घावणे केले. बाबांनी आधी घावणे खाल्ले, मग पंपाचे दोन झुरके घेतले आणि सांगायला लागले. मराठीत सुरू केलं, पण मध्येच गावच्या बोलीत गेले, मनापासून बोलायचं असलं की जातात तसे.

"वहिनी, खोटा बोलान तुमचा घर घेवचा नाय माका. तुमचा ता लाल घर चांगला आसा. वारो थंयसरच आसा. आमचा निळा घर म्हणजे बंद पेटी. आता तुमका सगळा ठाऊक. तरी मी मागतंय. माझ्या छातीसाठी मागतंय."

काकू बाबांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

"बाय, हे तू काढलंस? नक्की?"

"नक्की," मी म्हटलं. "तीनदा काढलं."

"म्हणजे लाल म्हणजे ऊन नाही?"

"नाही काकू. लाल म्हणजे वारा."

आतल्या खोलीतून सून दारात येऊन उभी राहिली होती, हात पोटावर ठेवून. काकूंनी तिच्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "बघते हा भावजी. मुलाला विचारते. तो आला की फोन करते." आणि बाबांच्या ताटात आणखी एक घावणा घातला.

रिक्षात बाबा म्हणाले, "देईल ती." मी म्हटलं, "हो."

फोन आला नाही. मी सोसायटीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, रंगांचा अर्थ लिहिला, पट्टीसकट चित्र टाकलं. बोळाच्या बाजूचं घर घेतलेले दुसरेही म्हातारे होते, त्यांना कळायला हवं होतं. उत्तरादाखल दोन अंगठे आले, आणि एकाने लिहिलं, ताई, तुम्हाला घर बदलून पाहिजे असेल तर सरळ सांगा ना, सायन्स कशाला? सेक्रेटरींनी लिहिलं, वाटप झालं आहे, आता फाटे फोडू नयेत, काम थांबेल. पण एक फरक पडला. नाल्याकडची माणसं, जी तोपर्यंत नशिबाला शिव्या घालत होती, ती एकदम गप्प झाली. कोणी घर बदलायची गोष्ट पुन्हा काढली नाही. माझ्या गणितावर कोणाचा विश्वास नाही असं मला वाटलं होतं. चांगला होता. फक्त ज्यांचा फायदा होता त्यांचा होता.

कागद व्हायच्या आदल्या आठवड्यात काकूंच्या मुलाने बाबांना फोन केला. म्हणाला, काका, आम्ही विचार केला, घरात बाळ येणार, त्याला हवा लागेल. बाबा म्हणाले, "बरोबर आहे रे. बाळाचं आधी." आणि फोन ठेवून मला म्हणाले, "बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "अगो, आपली प्रथाच तशी." मी म्हटलं, "प्रथा आजाऱ्यांचीपण होती." खरं बोललं की मन हलकं होतं असं लोक म्हणतात. आमच्या घरात कोणाचं झालं नाही. आईने कित्येक दिवस बाबांना जेवायला वाढलं, पण ‘बसा’ असं तोंडाने म्हणाली नाही.

आता आम्ही तिथेच राहतो. घर चांगलं आहे. टाइल्स, लिफ्ट, चोवीस तास पाणी. बोळाची खिडकी उघडली की समोर टॉवरचे पाइप दिसतात आणि त्याच्या सगळ्या मजल्यांच्या एसीची गरम हवा आत येते, जी मी माझ्या गणितात धरलीच नव्हती. म्हणजे माझं उत्तरसुद्धा खऱ्यापेक्षा बरं होतं. बाबांची वाफ दिवसातून दोनदा होती, आता विचारू नका. डॉक्टरांनी यंदाही सांगितलं, हवेशीर जागेत राहा. बाबा त्यांना म्हणाले, नवीनच घर आहे साहेब.

समोर काकूंकडे वारा इतका येतो की त्यांना तो नकोसा झालाय. देवापुढचा दिवा टिकत नाही, दारं आपटतात, नाल्याचा वास येतो, धूळ येते. बाळाला सर्दी होते म्हणून त्यांनी खिडक्यांना जाड काचा लावल्या आणि एसी घेतला. घर दिवसभर बंद. मध्ये एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "बाय, तुझ्या त्या वाऱ्याने जीव नकोसा केलाय बघ." मी हसले. काय करणार?

त्याच शनिवारी मी ऑफिसात जाऊन आमच्या मजल्याचं एक शेवटचं गणित केलं. आत्तापर्यंत मी सगळी दारं बंद धरली होती, कारण नव्या इमारतींत ती बंदच असतात. या वेळी दोन उघडली. काकूंची खिडकी उघडी, काकूंचं दार उघडं, आमचं दार उघडं, आमची खिडकी उघडी. लहान डबे घेतले, घाई केली नाही, आकडे पूर्ण थांबेपर्यंत वाट बघितली. नाल्याकडचा वारा काकूंच्या हॉलमधून निघून पॅसेज ओलांडून सरळ आमच्या घरात शिरला आणि बोळात बाहेर पडला. आमच्या हॉलमध्ये जुन्या इमारतीच्या गॅलरीत यायचा तेवढा वारा होता. त्यासाठी घर बदलायला नको होतं, सही नको होती. संध्याकाळचा थोडा वेळ एक दार उघडं राहिलं असतं तरी पुरलं असतं.

मी जाऊन काकूंना सांगितलं. या वेळी रंग नाहीत, आकडे नाहीत, साध्या शब्दांत. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? अगं मग ठेवू की. त्यात काय." दोन दिवस ठेवलंही. तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, एसी चालू असताना दार कसं उघडं ठेवायचं, आणि पॅसेजमधून सगळं घर दिसतं. तिचंही चुकीचं नाही. मी आता कोणाचं चुकीचं आहे ते शोधत नाही, त्याने श्वास मिळत नाही.

बाबा मात्र रोज संध्याकाळी आमचं सेफ्टी डोअर उघडतात आणि उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसतात, समोरच्या बंद दाराकडे तोंड करून. आई म्हणते, आत बसा, लोक काय म्हणतील. ते म्हणतात, बरं वाटतं इथे. तिथे काही बरं नाही, पॅसेजची हवा आमच्या हॉलपेक्षा तसूभरही वेगळी नाही, मी काढून बघितलंय. पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

काल काकूंकडे एसी बंद होता, खिडकी उघडी होती, आणि कचऱ्याची पिशवी ठेवायला त्यांनी दार उघडलं. त्यांच्या घरातला पडदा उडून छताला लागला आणि वारा धाडकन पॅसेजमध्ये आला. बाबांच्या शर्टाची कॉलर हलली. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि तोंड थोडं उघडलं.

"बरे आहात ना भावजी?" काकूंनी विचारलं. उत्तरासाठी थांबायला त्यांना जमलं नाही, आत बाळ शिंकलं, आणि त्यांनी घाईने दार लावून घेतलं.

"बरा आहे गो वहिनी," बाबा दाराला म्हणाले.